वाफेचा हिशेब आधी, बॉयलर मागाहून

दसऱ्याच्या सुमारास आपल्या सहकारी साखर कारखान्यांत बॉयलर अग्निप्रदीपनाचा समारंभ होतो; यजमान सपत्नीक पूजेला बसतात, नारळ फुटतो, भट्टीत अग्नी पडतो, आणि ज्या यंत्राच्या भरवशावर पुढील साऱ्या हंगामाचे गाळप व्हावयाचे, त्याविषयीचा आदर उपस्थितांच्या मुद्रेवर स्पष्ट उमटतो. हाच आदर निविदा उघडण्याच्या दिवशी मात्र आढळत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. कारण त्या दिवशी विचारणा होते ती केवळ किमतीची.

वस्तुतः बॉयलरची जात ठरते ती वाफेच्या उपयोगावरून. साखर कारखान्यात वाफ प्रथम टर्बाइन फिरविते आणि उरलेल्या उष्णतेने रस आटविते, म्हणून तेथे पाणी नळ्यांतून व ज्वाला बाहेरून, अशा रचनेचा वॉटर ट्यूब बॉयलरच शोभतो; सहवीजनिर्मितीसाठी 67, 87, क्वचित 110 किलोपर्यंतचा दाब घेणेही तेथे सार्थ ठरते. निम्मे वजन पाण्याचेच असलेला बगॅस जाळावयाचा, तर भट्टीही तशीच प्रशस्त हवी.

परंतु इचलकरंजीच्या किंवा सोलापूरच्या कापड प्रक्रिया करणाऱ्या कारखानदाराने याचे अनुकरण का करावे? त्याला टर्बाइन फिरवावयाचे नसते. सात ते दहा किलो दाबाची संपृक्त वाफ त्याला पुरते, आणि तिची मागणी घटकेघटकेला चढते-उतरते. ज्याच्या पोटात पाण्याचा मोठा साठा असतो, असा फायर ट्यूब बॉयलर हे चढउतार सोसतो. एका प्रोसेस हाऊसमध्ये वाफ लवकर धरतो आणि स्वस्त पडतो म्हणून, अल्प पाण्याचा कॉइलचा बॉयलर घेतलेला मी पाहिला. सकाळी रंगाईची तीन जेट यंत्रे एकदम सुरू झाली, तोच गेजचा काटा आठावरून पाचावर घसरला, वाफेबरोबर पाणी वाहून येऊ लागले, रंगाचे द्रावण 130 अंशांवर वेळेत पोहोचेना, आणि कापड पट्ट्यापट्ट्यांचे निघाले. मालकाने ठपका ठेवला तो बिचाऱ्या रंगाऱ्यावर.

याच्या उलट, भविष्याची बेगमी म्हणून गरजेच्या दुपटीचा बॉयलर घेणारेही पुष्कळ. तो निम्म्या भारावर रेंगाळतो आणि त्याच्या अंगावाटे वाया जाणारी उष्णता मात्र तेवढीच राहते. तासाला तीन टन वाफ हवी असेल, तर सुमारे पाच हजार किलोकॅलरी उष्मांकाचा कोळसा दिवसाकाठी 11 ते 12 टन जळतो. यंत्राची किंमत एकदाच मोजावयाची, हा कोळसा रोज मोजावयाचा. परत येणारे गरम कंडेन्सेट गटारात न सोडता टाकीत घेऊन भरणाच्या पाण्याचे तापमान सहा अंशांनी वाढविले, तरी शेकडा एक इंधन वाचते. बोअरचे जड पाणी मृदू केल्यावाचून आत सोडल्यास नळ्यांवर क्षाराचा थर बसतो आणि उष्णता अडून राहते; वॉटर ट्यूब बॉयलर तर अशा पाण्याला मुळीच क्षमा करीत नाही.

1923 चा बॉयलर कायदा जाऊन 2025 चा नवा आला, तरी बाष्पके संचालनालयाचा दाखला बॉयलरच्या सुरक्षिततेचा असतो. बॉयलर आपल्या कामाला योग्य आहे की नाही, हा निर्णय मालकाचाच. म्हणून निविदेपूर्वी निदान पंधरा दिवस ताशी दाब, भरणाचे पाणी आणि जळलेले इंधन यांची नोंद दप्तरी घ्यावी, आणि खरेदी समितीच्या बैठकीला बॉयलर अटेंडंटला सन्मानाने बोलवावे. कोणत्या तासाला काटा कोठे घसरतो, हे त्याच्या काजळी लागलेल्या वहीत तारीखवार लिहिलेले असते.