आज कुठला मोड, बॉस?

क्रिकेटचे नियम लंडनच्या एमसीसीनं लिहिलेत. गल्लीतल्या क्रिकेटचे नियम मात्र गल्लीच ठरवते. एक टप्पा आउट. डायरेक्ट गच्चीवर गेला तर आउट. पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या खिडकीत गेला तर आउट, आणि बॉलही मारणाऱ्यानंच आणायचा! हे कुठल्या पुस्तकात छापलेलं नाही, अंपायर नाही, तरी संध्याकाळभर मॅच चालते. का? कारण बॅट हातात घ्यायच्या आधी सगळ्यांनी 'ओके' म्हटलेलं असतं.

कम्प्युटर गेममध्ये हा गल्लीवाला फंडा मी सगळ्यात सॉलिड पाहिला तो 'वर्म्स'मध्ये. अँडी डेव्हिडसन नावाच्या पोरानं बनवलेला आणि 'टीम १७' या ब्रिटिश कंपनीनं १९९५ मध्ये बाजारात आणलेला हा गेम. गुलाबी गुबगुबीत गांडुळं, हातात बझूका, आणि सगळं कसं टर्न-टर्ननं. तुमची पाळी आली की नेम धरा, जोर किती लावायचा ते ठरवा, वाऱ्याचा अंदाज घ्या आणि सोडा गोळा! बझूकाचा गोळा वाऱ्यानं वळतो, ग्रेनेड वळत नाही. एवढी अक्कल आली की तुम्ही खेळायला मोकळे. बाकी केळ्याचा बॉम्ब, उडणारी मेंढी आणि आभाळातून दणादण आदळत येणारं काँक्रीटचं गाढव तुमच्या दिमतीला आहेच.

खरी गंमत आहे ती मोड निवडण्यात. १९९९ च्या 'वर्म्स आर्मगेडन'मध्ये याला 'स्कीम' म्हणतात. 'इंटरमीजिएट' घ्या: टर्नला ४५ सेकंद, हिंडायला मोकळीक, मोजकी शस्त्रं. इथे डोकं चालतं. 'आर्टिलरी' घ्या: जिथे उभे आहात तिथून हलायचं नाही, नुसता नेम! वेळ संपल्यावर काय व्हावं, हेही आधीच ठरवता येतं. मॅच बरोबरीत सोडवा, नाहीतर 'सडन डेथ' लावून सगळ्यांची एनर्जी थेट एकवर आणा. त्यात खालून पाणी चढायला लागतं, आणि मघापर्यंत शेर असलेल्याची फाटते.

गांडुळं तीच, बझूका तोच. मोड बदलला की जिंकणारा बदलतो!

आणि यातले बेस्ट मोड कंपनीनं बनवलेलेच नाहीत, खेळणाऱ्यांनी बनवलेत. 'बीएनजी' म्हणजे फक्त बझूका आणि ग्रेनेड. तोच यशस्वी नेम जसाच्या तसा परत मारायचा नाही, असा त्यातला संकेत. 'शॉपर'मध्ये आधी निन्जा रोपला लटकत जाऊन शस्त्रांचा क्रेट उचलायचा, मग रोपवरूनच हल्ला करायचा. क्रेट न घेता मारलंत तर फाउल. कुठे ठरतं, की जो पुढे असेल त्यालाच मारायचं. कुठे ठरतं, की कुणालाही मारा, पण जो शेवटी आहे त्याला हात लावायचा नाही. वर्षानुवर्षं हे सगळं नुसतं तोंडी चाललं. नियम मोडलात तर स्क्रीनवर लाल दिवा लागत नसे. सगळा मामला शब्दावर!

आमचा चौघांचा ग्रुप आहे. एकेकाळचे पुण्यातले रूममेट, आता दोघं पुण्यात, एक बंगलोरला, एक डब्लिनला. दर शनिवारी रात्री आम्ही ऑनलाइन भेटून हाच जुना गेम खेळतो. (म्हातारा म्हणू नका हं, २०२० मध्येही त्याला नवा अपडेट मिळालाय!) मध्यंतरी मात्र लफडं झालं. डब्लिनवाला इतका तयार झाला, की सलग सहा शनिवार तोच जिंकला. बंगलोरवाला दर वेळी पहिला बाहेर. पोरगं अर्धा तास नुसतं बाकीच्यांची टर्न बघत बसायचं. मग त्याचे मेसेज सुरू झाले, "आज जमणार नाही रे, ऑफिसचं काम आहे." हे वाक्य आपण सगळेच वापरतो, त्यामुळे त्याचा अर्थ सगळ्यांनाच कळतो. त्यातून त्या महिन्यात त्याचा प्रोजेक्ट बंद झालेला. दिवसभर हरून आल्यावर रात्री पुन्हा कोण हरायला बसणार?

"मी जरा सोपं खेळू का?" डब्लिनवाल्यानं विचारलं. मी म्हटलं, खबरदार! मुद्दाम हरणाऱ्यासारखा अपमान दुसरा नाही. त्यापेक्षा मोड बदलू. शॉपर लावला, शेवटच्याला हात लावायचा नाही हा नियम ठेवला आणि बंगलोरला फोन केला. साहेब कुरकुरत आले. जिंकले नाहीत, पण शेवटपर्यंत मैदानात होते. पुढच्या शनिवारी न बोलावता हजर!

तिसऱ्या शनिवारी त्यानं भन्नाट हल्ला केला. एका दणक्यात डब्लिनचे दोन किडे पाण्यात! आम्ही ओरडतोय, टाळ्या वाजवतोय, आणि हा म्हणतो, "थांबा. मी क्रेट घेतलाच नव्हता. माझी पुढची टर्न स्किप." आमच्यापैकी कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. कम्प्युटरनंही अडवलं नव्हतं. पाळी आली तेव्हा त्यानं खरंच टर्न सोडली, आणि गेमही हरला. डब्लिनवाला क्षणभर गप्प होता. मग म्हणाला, "पुढच्या आठवड्यात मोड तू निवड."

मंडळी, ऑफिसात कुठला मोड चालू आहे हे आपल्याला कुणी विचारत नाही. तिथे आपण थेट टर्न घ्यायलाच बसतो. शनिवारची रात्र मात्र आपली आहे. तेव्हा या वीकेंडला गँग जमली की वर्म्स असो, पत्ते असोत नाहीतर कॅरम, "कोण जिंकणार" हे नंतर. आधी एवढंच विचारा, की जो सगळ्यात कच्चा आहे, तो शेवटपर्यंत खेळात राहील असा मोड कुठला? तो लावा. बाकी गाढवं पडायची तेव्हा पडतीलच!