दिला म्हणे हक्क!

आपल्या मेळाव्यांत बायकांच्या हक्कांचा विषय निघाला की कोणी तरी हमखास म्हणतो, "अहो, आता कुवेतमध्येसुद्धा बायकांना मताचा हक्क दिला, मग आणखी काय हवे?" या 'दिला' शब्दाशीच आमचे भांडण आहे.

कुवेत आपल्याला परके नाही. १९६१ पर्यंत तेथे रुपयाच चालत असे, तेथले मोत्यांचे व्यापारी मुंबईत पेढ्या थाटून होते, आणि पुढे आपल्या ओळखीच्या चाळींतून कोणी ना कोणी तिकडे नोकरीला गेलेला असायचा. त्या शहराच्या पूर्व टोकाला समुद्राकाठी दस्मान हा भाग आहे. तेथे अमीरांचा राजवाडा, आणि जवळच निळ्या-हिरव्या चकत्यांनी मढवलेल्या गोलांचे कुवेत टॉवर्स. त्यांतला सर्वांत उंच १८७ मीटरचा. १९७९ साली ते खुले झाले आणि देशाच्या नोटांवरही छापले गेले. त्यांचा आराखडा मालेने ब्यॉर्न या डॅनिश बाईने केला, हे किती जणांना ठाऊक असेल? ज्या देशाचा मुखडा एका बाईने रेखाटला, त्याच्या १९६२ च्या निवडणूक कायद्याचे पहिलेच कलम मताचा हक्क फक्त पुरुषांना देत होते.

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकी फौजा शिरल्या तेव्हा दस्मान राजवाड्यापाशीच लढाई झाली. अमीरांचे भाऊ शेख फहद तेथे मारले गेले, अमीर सौदी अरेबियात निसटले. मागे राहिलेल्या शहरात त्याच महिन्यात बायका निषेधाचे मोर्चे काढू लागल्या आणि त्यांच्यावर गोळ्या चालल्या. अबायाखाली शस्त्रे, पैसे, चिठ्ठ्या नेल्या त्या बायकांनी. त्या वेळी बाईने घराबाहेर पडणे रूढीत बसते की नाही, हे कोणाही मौलवीने विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही. असरार अल-कबंदी ही त्यांतलीच एक. शत्रूच्या नाकासमोरून तिने बाहेर बातम्या पोहोचवल्या, शस्त्रे पोहोचवली. नोव्हेंबरात ती पकडली गेली आणि जानेवारी १९९१ मध्ये तिला ठार केले.

देश सुटला. ऑक्टोबर १९९२ मध्ये निवडणूक झाली. मतदार कोण? पुरुष!

पुढची कथा 'दिला' म्हणणाऱ्यांनी नीट ऐकावी. मे १९९९ मध्ये अमीर शेख जाबेर यांनी हुकूम काढून बायकांना मताधिकार दिला. नोव्हेंबरात संसदेने तो हुकूम फेटाळला, आणि लगेच आलेले विधेयकही ३२ विरुद्ध ३० मतांनी पाडले. दात्याने देऊनही दान पदरात पडले नाही! मग बायका मतदार नोंदणीच्या कचेऱ्यांत जाऊन उभ्या राहिल्या, नाकारल्यावर कोर्टात गेल्या, आणि मार्च २००५ मध्ये संसदेबाहेर जमल्या. १६ मे २००५ रोजी ३५ विरुद्ध २३ मतांनी कायदा बदलला. सहा वर्षांची ही वणवण, आणि म्हणे दिला.

२००६ आणि २००८ मध्ये एकही बाई निवडून आली नाही, तेव्हा पुष्कळांना बरे वाटले असेल. २००९ मध्ये चौघी आल्या: मासूमा अल-मुबारक, असील अल-अवधी, रोला दश्ती, सल्वा अल-जस्सार. चौघीही डॉक्टरेट मिळवलेल्या. आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरपर्यंत विवाहित बाईला नवऱ्याच्या संमतीवाचून पासपोर्ट मिळत नव्हता. म्हणजे देशाचे कायदे करणारी बाई विमानात बसायला नवऱ्याची सही मागणार! हे घटना न्यायालयाने थांबवले, तेही एका बाईने दाद मागितल्यावर. परदेशी नवरा केलेल्या कुवेती बाईला आपले नागरिकत्व मुलांना देण्याचा हक्क मात्र आजही नाही. १० मे २०२४ रोजी अमीरांनी संसद बरखास्त करून घटनेची काही कलमे चार वर्षांपर्यंत तहकूब केली. ज्या मतासाठी बायका एवढ्या झगडल्या, ते आता पुरुषांच्या मताशेजारी एकाच पेटीत बंद आहे. एवढी समानता मात्र झाली.

इथवर वाचून कोणी म्हणेल, ते अरबांचे झाले, आपल्यात तसे नाही. नाही कसे? डॉ. जेरुशा झिराड यांनी मुंबईच्या कामा हॉस्पिटलचा कारभार अनेक वर्षे सांभाळला, १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. प्रत्येक समारंभात आपण त्यांचे नाव अभिमानाने घेतो. पण मंडळाच्या कार्यकारिणीची यादी काढून पाहा. मलिद्याचे ताट सजवायला बायका, पोहे भिजवायला, नारळ खवायला, पाहुण्यांना वाढायला बायका, आजाऱ्याच्या घरी डबा पोहोचवायलाही त्याच. हिशेब वाचायला आणि ठराव मांडायला मात्र पुरुष उभे राहतात. एखादीने बोलायचे ठरवलेच, तर "वहिनी, आधी चहाचे बघा" असे हसत सांगितले जाते, आणि आपणही हसतो. आम्हीही हसलो आहोत, हे कबूल करतो.

पुढच्या सर्वसाधारण सभेत नावे सुचवायची वेळ येईल, तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या बायकांपैकी किमान तिघींची नावे आम्ही मांडणार आहोत. अनुमोदन कोण देतो ते पाहू.