सोडून जाणाऱ्यांवरचा राग

फेब्रुवारी 2025 मध्ये नागपूरला रणजी करंडकाच्या उपान्त्य सामन्यात विदर्भाने मुंबईचा 80 धावांनी पराभव केला. आदल्याच वर्षी बेचाळिसाव्यांदा करंडक जिंकणाऱ्या संघाला विजयासाठी 406 धावा हव्या होत्या. डाव 325 वर आटोपला. ही जखम ओली असतानाच एप्रिलमध्ये यशस्वी जैस्वालने गोव्याकडून खेळण्यासाठी ना हरकत प्रमाणपत्र मागितले, आणि जूनमध्ये पृथ्वी शॉने महाराष्ट्राची वाट धरली. मुंबईच्या क्रिकेटरसिकांच्या तोंडी मग एकच शब्द आला, आणि तो म्हणजे कृतघ्न.

मुंबई क्रिकेट असोसिएशनची हद्द पश्चिम रेल्वेच्या मार्गाने थेट डहाणूपर्यंत पोहोचते. त्यामुळे अहमदाबाद महामार्गावरच्या चारोटीचा रसिकही मुंबईच्या पराभवाने हळहळला, तर त्यात नवल नाही. परंतु चारोटीच्या रसिकाने तरी हा शब्द उच्चारण्यापूर्वी किंचित थांबावयास हवे.

शॉ हा याच पालघर जिल्ह्यातील विरारचा. ऑक्टोबर 2024 मध्ये त्याला मुंबईच्या रणजी संघातून वगळण्यात आले, तेव्हा शिस्त आणि तंदुरुस्ती यांचे कारण सांगत अनेकांनी त्या निर्णयाचे स्वागतच केले होते. तो निर्णय चुकीचा होता असे नव्हे. पण ज्याला दाराबाहेर काढले, तो दुसऱ्याच्या ओसरीवर बसला म्हणून त्याला बोल लावणे, हा कोणता न्याय?

जैस्वालची गोष्ट निराळी. त्याला कोणी वगळले नव्हते. गोव्याने नेतृत्वाची संधी देऊ केल्याचे त्याने स्वतःच सांगितले आणि मे महिन्यात आपला अर्ज परतही घेतला. रसिकाला येथे राग येणे स्वाभाविक आहे. त्याच्या हाती निष्ठेखेरीज दुसरे असते तरी काय? तथापि हा मुलगा मुळात उत्तर प्रदेशातील भदोहीचा. क्रिकेटसाठी घर सोडून तो मुंबईस आला, आझाद मैदानावरच्या तंबूत राहिला. त्या वेळी त्याचे येणे मुंबईकरांनी जिद्द म्हणून वाखाणले. येणे ही जिद्द आणि जाणे हा द्रोह, असा हिशेब सोयीचा असेल, सरळ मात्र नाही.

वस्तुतः राग धरावयाचा तर तो घाईवर धरावा. जानेवारी 2017 मध्ये इंदूरला गुजरातकडून अंतिम सामना गमावल्यावर मुंबईने प्रशिक्षक चंद्रकांत पंडित यांना दूर केले. ते विदर्भाकडे गेले आणि त्याच वर्षाच्या हंगामात विदर्भाने पहिल्यांदा करंडक जिंकला. पुढच्या वर्षी तो राखलाही. 2015 मध्येच मुंबई सोडून तिकडे गेलेल्या वासिम जाफरने या दुसऱ्या हंगामात, वयाच्या चाळिशीत, हजारावर धावा केल्या. मुंबईचे अनुभवी हात नागपूरच्या इमारतीला लागले, आणि 2025 मध्ये त्याच इमारतीने मुंबईची वाट अडवली. याला खेळाडूंची कृतघ्नता म्हणावे की संघचालकांची उधळपट्टी?

पालघरच्या शार्दूल ठाकूरचेही उदाहरण आहे. शाळकरी वयातच दिनेश लाड यांनी त्याला बोरिवलीच्या शाळेत आणले, स्वतःच्या घरी ठेवून घेतले. पालघरची शाळा त्याने सोडली नसती, तर 2025-26 च्या हंगामाच्या प्रारंभी मुंबईचे कर्णधारपद त्याच्याकडे आले असते काय? डहाणू-तलासरीकडच्या मुलाला तर सरावासाठी पहाटेची गाडी धरूनच खेळाडू व्हावे लागते. गाव सोडणे हा तेथे क्रिकेटचा पहिला धडा आहे.

योगायोग असा, की याच लाड यांचा मुलगा सिद्धेश 2022 मध्ये मुंबई सोडून गोव्याकडे गेला होता. 2024-25 मध्ये तो परतला आणि मुंबईकडून शतके झळकावू लागला. तेव्हा मात्र कृतघ्न हा शब्द कोणाला आठवला नाही.