सोडलेल्या बोटुकलीचा गाजावाजा, उरलेल्या मासळीचे काय?

नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून नर्मदा वाहते, मध्यातून तापी. या दोन पुण्यसलिलांवर उभ्या राहिलेल्या धरणांनी जिल्ह्याला दोन अजस्र जलाशयांचे शेजारी केले. उकाई धरणाचा फुगवटा १९७२ पासून नवापूरच्या बाजूस पसरला. सरदार सरोवराने अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे बाधित केली. धरण हवे की नको, हा वाद काही दशके गाजला. सप्टेंबर २०१९ मध्ये सरदार सरोवर प्रथमच १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत भरले. आता प्रश्न आहे तो त्या पाण्यातील संपत्तीचा आणि ज्यांची शेते त्या पाण्याखाली गेली, त्या भिल्ल-पावरा वनवासी बांधवांच्या उपजीविकेचा.

या संपत्तीचा हिशेब मांडण्याची शासकीय पद्धत मात्र विलक्षण आहे. जलाशयाच्या ठेक्याची रक्कम हेक्टरांवर ठरते. मत्स्यबोटुकली किती सोडावयाची, हेही हेक्टरांवरच ठरते. बोटुकली सोडण्याचा समारंभ होतो, छायाचित्रे निघतात, लाखांचे आकडे अहवालात जातात. पण सोडलेल्या बोटुकलीतून जगली किती, वाढली किती, जाळ्यात आली ती कोणत्या वयाची होती आणि पुढील पिढीसाठी पाण्यात उरले काय? पेरलेल्या बियाण्याच्या पोत्यांवरून खळ्यावरील धान्य मोजणाऱ्या शेतकऱ्याला गाव काय म्हणेल?

विपुलतेचा आभास

नवा जलाशय भरतो तेव्हा बुडालेल्या जमिनीतील पालापाचोळा आणि खनिजे पाण्यात उतरतात, माशांचे खाद्य वाढते आणि पहिली काही वर्षे मासळी भरघोस मिळते. त्यानंतर हे पोषण ओसरते. जलाशयशास्त्रातील हा परिचित अनुभव आहे. आरंभीच्या बहरावर ठेका, नौका आणि कर्जे यांचे गणित बांधले, तर ओसरतीच्या काळात भुर्दंड वनवासी मच्छीमारालाच पडणार.

नुसत्या एकूण उत्पन्नाचा आकडाही फसवा असतो. काल दहा जाळ्यांत मिळणारी मासळी आज वीस जाळी टाकून मिळत असेल, तर कागदावर उत्पन्न तेवढेच दिसते. प्रत्यक्षात साठा खालावलेला असतो. कॅनडातील न्यूफाउंडलंडचा कॉड मासा असाच संपला. नौकांना मासळी मिळते आहे, यावर विसंबून साठ्याचे अंदाज फुगवले गेले. १९९२ मध्ये बंदी घालावी लागली आणि सुमारे ३० हजार लोकांचा रोजगार गेला. सागराएवढ्या साठ्याची ही गत, तर डोंगरदऱ्यांत अडवलेल्या पाण्याची काय कथा!

जातीजातींचा विचारही वेगळाच करावा लागतो. नर्मदेचे वैभव असलेला महाशीर वाहत्या, खडकाळ पाण्यात प्रजनन करतो. साचलेले पाणी त्याला परके. गोड्या पाण्यातील मोठ्या झिंग्याची पिल्ले मचूळ पाण्यात वाढतात. धरणाने खाडीची वाट अडवली की जलाशयातील झिंगा दरवर्षी सोडलेल्या बीजावरच अवलंबून राहतो. पिंजऱ्यातील मासळी तर सरळसरळ शेतीच. हे सारे एकाच 'मत्स्योत्पादना'त मिसळून वाढीचा आलेख दाखवणे, ही स्वतःचीच फसवणूक होय.

समुद्राला न्याय, जलाशयाला का नको?

हे मोजणे अशक्य आहे काय? मुळीच नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने २०२२ च्या स्थितीवरील अहवालात देशाच्या सागरातील १३५ मत्स्यसाठ्यांचे मूल्यमापन करून ९१.१ टक्के साठे सुस्थितीत असल्याचे सांगितले. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ सागरी जातींसाठी पकडण्याचे किमान आकारमान निश्चित केले. सागरासाठी १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी पाळली जाते. मग कटला, रोहू, मृगळ यांच्या पावसाळी प्रजननाचा, जाळ्याच्या आसाचा आणि पकडलेल्या मासळीच्या लांबीचा तितकाच काटेकोर विचार सातपुड्यातील जलाशयासाठी का होऊ नये?

आपल्या समाजाला संयम नवा नाही. महाडजवळील वाळण कोंडीत वरदायिनी देवीच्या श्रद्धेने महाशीर राखला गेला. एका कोंडीत जे श्रद्धेने साधले, ते हजारो हेक्टरांच्या जलाशयात साधण्यासाठी श्रद्धेला मोजमापाची जोड हवी. ते अवघडही नाही. प्रत्येक उतरणीच्या ठिकाणी वही असावी. तीत जात, लांबी, वजन आणि किती जाळी किती रात्री टाकली, याची नोंद स्थानिक शाळा शिकलेल्या वनवासी तरुणाने मानधनावर करावी. मत्स्यशास्त्रज्ञांनी दरवर्षी त्यावरून साठ्याचा अंदाज बांधावा आणि तो मच्छीमारांसमोर त्यांच्या बोलीत मांडावा. ठेका, बीज आणि बंदीचा काळ त्यावरूनच ठरावा.

मासा राज्याची सीमा जाणत नाही. उकाईचे पाणी दोन राज्यांत आहे, सरदार सरोवराचे तीन राज्यांत. एका तीरावर बंदी आणि दुसऱ्या तीरावर जाळे, अशाने साठा राखला जात नाही. पाण्याच्या वाटपासाठी १९७९ मध्ये लवादाचा निवाडा झाला. त्याच पाण्यातील मासळीच्या मोजणीसाठी या राज्यांनी एका मेजावर बसण्यास कोणती अडचण आहे? राष्ट्राच्या विकासासाठी ज्यांनी घरदार पाण्यात सोडले, त्यांना पाण्यात उरले काय हे सांगण्याचे उत्तरदायित्व शासनाला टाळता येणार नाही.