पान, फूल आणि तराजू

परवा राजगुरुनगरच्या (आमच्या पिढीच्या तोंडी अजून खेडच!) स्टँडवर भीमाशंकरच्या एस्टीची वाट पाहत होतो. समोर एक जटाधारी बुवा चिलीम झटकीत होते. शेजारच्या वकीलमित्रांना मी म्हटले, "शंकराच्या नावावर एवढे खपत असेल, नाही?"

"कायद्यात शंकराला सूट नाही. सूट आहे ती पानांना!"

त्याचे असे आहे. 1985 च्या केंद्राच्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे, चरस म्हणजे राळ. शेंड्यांवाचूनची नुसती पाने नि बी त्यात येत नाहीत. म्हणून कोणी भांग घोटायला बसू नये हो! महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा पानांनाही सोडीत नाही.

1985 साली गांजाला जास्तीत जास्त शिक्षा 5 वर्षांची होती. 2001 च्या दुरुस्तीने तराजू आला. आज किलोपर्यंत गांजा सापडला तर वर्षापर्यंत कैद, त्यापुढे 20 किलोपर्यंत 10 वर्षे, आणि त्याहून अधिक असेल तर 10 ते 20 वर्षे. मग तराजूत नुसते शेंडे टाकले की काड्यामुळांसकट झाड, यावरच वकील तासन्‌तास भांडतात. उसाच्या फडात चार झाडे लावणाऱ्यालाही 10 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे मला तरी फार वाटते.

1961 च्या जागतिक कराराने गांजाला हेरॉइनच्या पंगतीला, सर्वांत कडक यादीत बसविले होते. 2 डिसेंबर 2020 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने 27 विरुद्ध 25 मतांनी त्याला तिथून उठविले. भारताचे मत उठविण्याच्या बाजूने पडले! पण पहिल्या यादीत तो आहेच, आणि आपल्याकडची शिक्षा तसूभरही हलली नाही.

आता खरे सांगतो. मी हे सारे विचारीत होतो ते बुवांसाठी नव्हे. ओळखीच्या एका घरी, चाकणच्या कारखान्यात नोकरीला असलेल्या मुलाच्या पिशवीत पुडी सापडली. वडिलांनी ती चुलीत टाकली अन् तोंडाला कुलूप लावले. मुलगा अजून ओढतोच आहे.

"दवाखान्यात नेला का?" वकिलांनी विचारले.

"छे! पोलिसांत जाईल ना!"

"अहो, कलम 64-अ वाचा. व्यसनी माणूस आपणहून सरकारमान्य दवाखान्यात उपचाराला गेला, तर सेवनाच्या किंवा अशा थोड्या मालाच्या गुन्ह्यात त्याच्यावर खटला चालत नाही. मात्र उपचार अर्धवट सोडता कामा नये."

एस्टी लागली. मी पिशवी मित्रांच्या हाती दिली आणि त्या वडिलांना फोन लावला.