पहिली ओळ त्यालाच लिहू द्या

गाणे कानाने शिकायचे असते, मग ते लिहून कशाला ठेवायचे, असे तुम्हांला वाटत असेल. गळा गुरूपुढे बसूनच तयार होतो, हे खरेच आहे. पण ज्या गाण्याला गुरू नाही आणि वर्गही नाही, त्याचे काय? मराठवाड्यात एके काळी पहाटे घराघरांत जात्याच्या घरघरीबरोबर ओवी चालत असे. पिठाची गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले आणि ओवीची चाल आजीच्या गळ्यात तेवढी उरली. करमाडच्या विद्यार्थ्याला ती ऐकण्यासाठी दूर जायला नको. घरात नाही तर शेजारी विचारावे. शब्द वहीत उतरतील, पण चाल कशी उतरवायची?

याचे उत्तर पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी दिले. ते व्यवसायाने वकील होते. घराण्यांनी जपून ठेवलेल्या शेकडो चिजा त्यांनी मिळवल्या, स्वरलिपीत उतरवल्या आणि क्रमिक पुस्तकांच्या सहा भागांत छापून सर्वांना खुल्या केल्या. त्यांची लिपी अगदी सोपी आहे. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली टिंब आणि तार सप्तकाला वर टिंब. ज्ञान कुलुपात न ठेवता सर्वांच्या हाती द्यावे, हाच त्यामागचा विचार.

आज हाच विचार संगणकाच्या क्षेत्रात 'मुक्तस्रोत' या नावाने वावरतो. मुक्तस्रोत आज्ञावली कोणीही वापरावी, तिची रचना उघडून पाहावी, तीत सुधारणा करावी आणि दुसऱ्यालाही द्यावी. संगीत लिहिण्यासाठी 'म्यूझस्कोर' ही अशीच एक आज्ञावली आहे. दोघा डच वादकांनी १९९६ मध्ये सुरू केलेली 'लिलिपाँड' ही दुसरी. शाळेच्या संगणक कक्षात त्या बसवायला पैसे पडत नाहीत, आणि एकदा बसवल्या की इंटरनेट बंद असले तरी चालतात.

मग त्या सगळीकडे का दिसत नाहीत? माझ्या मते अडचण यंत्राची नाही, शिकवण्याच्या रीतीची आहे. जाणकार माणूस नवख्याला शेजारी बसवतो, माऊस आपल्याच हाती ठेवतो आणि अर्ध्या तासात पन्नास बटणे दाखवतो. नवखा मान डोलावतो, घरी जातो आणि परत येत नाही. सायकल शिकवताना आपण साखळी आणि ब्रेक यांवर व्याख्यान देत नाही. मागून धरतो आणि पायडल मारायला लावतो. येथेही तसेच करावे.

पहिल्या दिवशी म्यूझस्कोर उघडून चार मात्रांचे दोन भाग, म्हणजे आठ मात्रा, एवढेच घ्या. ही आज्ञावली पाच रेघांची पाश्चात्त्य लिपी वापरते, म्हणून आधी एक करार करा: सा म्हणजे सी, रे म्हणजे डी, ग म्हणजे ई, म म्हणजे एफ, प म्हणजे जी, ध म्हणजे ए, नी म्हणजे बी. आपला सा गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे वरखाली होतो. येथे तो सोयीसाठी एका जागी बांधला आहे. आता कळफलकावर 'एन' दाबा, म्हणजे स्वर लिहिणे सुरू होईल. '५' दाबा, म्हणजे स्वर एका मात्रेचा होईल. मग सी, डी, ई, एफ अशी अक्षरे दाबत चला. कोमल गंधार हवा असेल तर ई लिहून खालच्या बाणाची कळ एकदा दाबा. स्वर अर्ध्या पायरीने उतरेल. शेवटी लिहिणे थांबवून लांब पट्टीची स्पेसची कळ दाबा. आपणच लिहिलेले स्वर संगणक वाजवू लागतो. चूक असेल तर कान लगेच सांगतो. कोणी लाल शाईने खूण करायची गरज पडत नाही.

दुसऱ्या दिवशी स्वरांखाली शब्द लिहायला शिकवा. ते देवनागरीतही लिहिता येतात. तिसऱ्या दिवशी ओवीची एक ओळ घ्या. मदत करणाऱ्याने एकच नियम पाळावा: बोलावे, पण हात मागे ठेवावा.

लिपी म्हणजे गाणे नव्हे, हेही नवख्याला आधीच सांगा. मींड, आंदोलन आणि आजीच्या आवाजातला कंप पाच रेघांत मावत नाही. म्हणून लिखाणाबरोबर ध्वनिमुद्रणही ठेवावे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि त्यांपैकी काहींचे गायनही मुद्रित झाले. त्या कामात साथ देणारे बर्नार्ड बेल यांनी १९८० च्या दशकात तबल्याचे बोल हाताळणारी 'बोल प्रोसेसर' ही आज्ञावली तयार केली होती. तीही आज मुक्तस्रोत आहे.

एवढ्या ओव्यांच्या चाली लिहायला मोठी संस्थाही पुरी पडणार नाही. पण प्रत्येक शाळेतल्या चार मुलांनी चार चाली लिहिल्या तर? शिक्षकांना विनंती आहे की संगीताचा किंवा संगणकाचा एक तास यासाठी द्यावा आणि पहिल्या चार मुलांनी पुढच्या चौघांना शिकवावे, असा नेम घालावा. मुक्तस्रोत वस्तूची किंमत पैशांत द्यावी लागत नाही. ती दुसऱ्याला शिकवून फेडायची असते.

तेव्हा मित्रांनो, या रविवारी आजीकडे बसा. एक ओळ ऐका आणि हाताने मात्रा मोजा. सोमवारी ती लिहा, वाजवा आणि आजीला ऐकवा. "अशी नव्हे रे!" असे ती म्हणाली, तर पुन्हा लिहा. तुमची वही तपासायला तिच्याहून चांगला परीक्षक मिळणार नाही.