प्रतिसादाचा रकाना

गेल्या रविवारी आमच्या भागातल्या एका मंडळीत तरुणांचं शिबिर झालं. विषय होता मित्रांना सुवार्ता कशी सांगावी. विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. पण शेवटी प्रत्येकाच्या हातात एक छापील तक्ता पडला. त्यात चार रकाने होते: मित्राचे नाव, भेटीची तारीख, काढलेला विषय, प्रतिसाद. महिनाअखेरीस तो भरून द्यायचा. बँकेत नोकरी करणारी एक मुलगी तो तक्ता घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "काका, माझ्या मैत्रिणीचं नाव मी यात कसं लिहू? तिला कळलं तर?" ज्यांनी हा तक्ता छापला, त्यांनी या प्रश्नाचं उत्तर द्यावं. मला ते सापडलेलं नाही.

सुवार्ता सांगण्याचे दोन नमुने आपल्याच इतिहासात आहेत. 1857 साली मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात जाहीर वादविवाद झाले. आठवड्यामागून आठवडे संध्याकाळी गर्दी जमायची. एकीकडे वेदांचा अभिमान, दुसरीकडे बायबलचा. बुवा विद्वान होते. मिशनऱ्यांतले जॉर्ज बोवेन तर मिशनचा पगार सोडून गरिबीत राहणारे, साधू वृत्तीचे गृहस्थ. दोन्हीकडे खरी माणसं होती, तरी प्रत्येक जण पुढच्याला खोडून काढायलाच उभा होता. त्या वादांचं पुढे पुस्तकही झालं. विष्णुबुवा होते तिथेच राहिले आणि मिशनरीही.

दुसरा नमुना 1893 मधला. कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. आगगाडीच्या डब्यात एक गोरा गृहस्थ भेटला. आधी संस्कृत काव्याच्या गप्पा झाल्या. समोरच्याला कशात गोडी आहे, हे त्या माणसाने आधी पाहिलं आणि कवीशी कवितेबद्दल बोलला. मग धर्माचा विषय निघाला. उतरण्यापूर्वी त्याने टिळकांना नवा करार दिला आणि वाचायचं वचन घेतलं. 'दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल' असं तो म्हणाला, हे मला ठाऊक आहे आणि तक्तेवाले तेच पुढे करतील. पण एवढं बोलून तो उतरला, पुन्हा चौकशीला आला नाही. टिळकांनी दिलेल्या शब्दाखातर पुस्तक उघडलं आणि डोंगरावरच्या प्रवचनाशी ते अडकले. 1895 च्या फेब्रुवारीत त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्या सहप्रवाशाचं नाव आज आपल्यातल्या किती जणांना सांगता येईल?

आणि टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई? नवऱ्याचा बाप्तिस्मा 1895 चा, त्यांचा 1900 चा. मधली पाच वर्षं रडणं, भांडणं, सोवळंओवळं यांत गेली. नवराबायकोला जिथे पाच वर्षं लागली, तिथे आपण महिनाअखेरीस प्रतिसाद मागतो!

रोजच्या बोलण्यात सुवार्ता येते ती अशी. उपवासकाळ चालू असतो. जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या टेबलावर चतुर्थीची साबुदाण्याची खिचडी उघडते. आपला डबा बंद पाहून कुणीतरी विचारतं, "तुमच्यातही उपास असतो?" चाळीस दिवसांचा, असं सांगितलं की पुढचा प्रश्न येतो, "कशासाठी?" इथे दोन वाक्यं मनापासून बोलता आली पाहिजेत. येशू रानात चाळीस दिवस उपाशी होता आणि मी या दिवसांत त्याच्याजवळ राहायचा प्रयत्न करतो, एवढं पुरे. आपली बहुतेक मुलं इथेच गडबडतात आणि विषय बदलतात, कारण घरी त्यांच्याशी कुणी विश्वासाबद्दल साध्या मराठीत बोललेलंच नसतं. शिबिरात शिकवायचं असेल तर हे शिकवा. पेत्राच्या पहिल्या पत्रातही विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार राहा असंच सांगितलंय, आणि तेही सौम्यतेने.

कायद्याच्या भीतीने गप्प बसणाऱ्यांनाही सांगतो. राज्यघटनेच्या 25 व्या कलमाने धर्म सांगण्याचा हक्क दिला आहे. 1977 च्या स्टॅनिस्लाउस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ लावला: आपल्या धर्माची तत्त्वं मांडण्याचा हक्क आहे, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा नाही. अनेक ख्रिस्ती जाणकारांना हा निकाल खटकतो. मला मात्र वाटतं, सांगणं आपलं आणि बाकीचं देवाचं, हे आपणच न्यायालयाआधी म्हणायला हवं होतं.

पाळकसाहेबांना विनंती आहे: तरुण संघाच्या पुढच्या बैठकीत लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रातला त्या पाच वर्षांचा भाग मोठ्याने वाचून घ्या. प्रत नसेल तर मंडळीच्या निधीतून विकत आणा.